अर्धं राहू दे

बाहुलीच्या गुडघ्यावर काहीतरी चमकत होतं.

सून नुकतीच शाळेत शिकवून घरी आली होती. खांद्यावरची पर्स खांद्यावर, एक चप्पल पायात, एक हातात. दारातच तिची तीन वर्षांची ठकू बाहुलीला मांडीवर निजवून बसली होती, आणि बाहुलीच्या गुडघ्यावर पारदर्शक असा एक चिकट तुकडा उन्हात लकाकत होता. सुनेनं बाहुली ओढून घेतली. ठकूनं भोकाड पसरलं.

"कुठं मिळालं तुला हे? तोंडात घातलंस? हाताला लावलंस? हात दाखव. दोन्ही हात दाखव!"

हात कोरे होते. तळवे कोरे, पोटऱ्या कोऱ्या, मान कोरी. सुनेनं तो तुकडा नखानं उचकटला, उजेडात धरला, वास घेतला. साधी चिकटपट्टी होती, वह्यांना कव्हर घालताना लावतो तसली.

"आजीनं दिली," ठकू हुंदके देत म्हणाली. "बाहुलीचा गुडघा दुखतो."

सुनेनं तिला उराशी धरलं आणि उंबऱ्यातच बसकण मारली. हसूही येत होतं, रडूही. गेले कित्येक महिने तिचं हे असंच चाललं होतं. जमिनीवर चकाकणारं काहीही दिसलं, चॉकलेटचा कागद असो नाहीतर माशाचं खवलं, की ती ते आधी उचलून उजेडात धरायची.

कारण तसंच होतं. आतल्या खोलीत सासरे अंथरुणाला खिळले होते. उभा जन्म बस चालवलेला माणूस, आता कॅन्सर हाडांत उतरल्यामुळे कुशीवर वळतानाही ओरडायचा. गोळ्या पोटात राहीनात, तेव्हा दवाखान्यानं त्यांना पाठीवर चिकटवायची औषधी पट्टी सुरू केली. पट्टीतलं औषध कातडीतून हळूहळू अंगात उतरतं, तिसऱ्या दिवशी जुनी काढायची, नवी लावायची. बाबा त्या पट्टीवर माणसात आले. पुन्हा बातम्या ऐकू लागले, पुन्हा सगळ्या सरकारांना शिव्या देऊ लागले.

पण ती पट्टी देताना दवाखान्यातल्या बाईंनी सुनेला बाजूला घेऊन बजावलं होतं, "घरात लहान मूल आहे ना? मग नीट ऐका. ही पट्टी पोराच्या अंगाला चिकटली, तर पोर झोपतं आणि उठत नाही. वापरून झालेली असली तरीसुद्धा. म्हणून जुनी पट्टी मधोमध दुमडायची, चिकट बाजू आत, आणि डब्यात टाकायची. तो डबा आम्हाला परत आणून द्यायचा. जुन्या परत आल्या तरच नव्या मिळतील."

नव्या पट्ट्या सुनेच्या कपाटात, कुलपात होत्या. किल्ली तिच्या गळ्यात. जुन्यांचा डबा बाबांच्या खोलीत कपाटाच्या माथ्यावर, ठकूचा हात सात जन्मात पोचणार नाही असा. आणि पट्टी बदलायचं काम सासूबाईंचं. कारण घरात सगळ्यांत स्थिर हात त्यांचा.

सासूबाईंना सगळा परिसर मास्तरीणबाई म्हणायचा. त्या शाळेत कधी शिकवायला गेल्या नव्हत्या. गणवेश शिवायच्या कारखान्यात त्या कटिंग मास्तर होत्या. लांबलचक टेबलावर कापडाच्या थरावर थर रचायचे, वर खडूनं माप गिरवायचं आणि मग कात्री अशी चालवायची की वरची कॉलर आणि तळाची कॉलर एकमेकींवर ठेवल्या तर केसाचाही फरक नाही. उभ्या उभ्या त्यांचं आयुष्य गेलं. मालक म्हणायचा, "या बाईंनी कापलेल्या कापडातून उंदराला गादी करण्याएवढंही उरत नाही." आणि ते त्यांना बक्षिसासारखं वाटायचं.

हाच हिशेब त्यांनी घरी आणला होता. नवा साबण आला की आधी सुरीनं अर्धा करायचा, अर्धा बेसिनवर, अर्धा कागदात गुंडाळून फळीवर. टूथपेस्टची नळी कापून आतून पुसून घ्यायची. डोकं दुखलं तर अर्धीच गोळी. केळं सोललं की अर्धं ठकूला. बिस्किट मोडलं की अर्धं ठकूला. ठकूलाही इतकी सवय झाली होती की आजीच्या हातात काहीही दिसलं की ती आपला तळवा पुढे करून म्हणायची, "आजी, अर्धं मला." सुनेनं नव्या नवरीच्या दिवसांत एकदा त्यांना विचारलं होतं, "आई, एकदा तरी काहीतरी अख्खं वापरून बघा की!" त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "अख्खं तर कुणीही वापरतं. अर्धं राहू दे म्हणायला अक्कल लागते." सून ते माहेरी सांगून सांगून हसली होती.

अलीकडे मात्र मास्तरीणबाईंचं काहीतरी बिनसलं होतं. भर दुपारी झोपायच्या. जेवताना दोन घास खाऊन ताट सारायच्या, मळमळतंय म्हणायच्या. परवा भिंतीला धरून चालताना झोक गेला. सून काळजीनं म्हणाली, "आई, एकदा दाखवून येऊ या ना." तर त्यांचं उत्तर तयार, "एका घरात एकच पेशंट परवडतो. मी दमलेय गं, बाकी काही नाही. आणि बघ, माझे गुडघे किती दिवसांत कुरकुरले नाहीत!"

ते खरं होतं. जिना चढताना आईगं, उतरताना आईगं, हे घरातलं जुनं रडगाणं बंद झालं होतं. सुनेला वाटलं, नवऱ्याच्या दुखण्यापुढे बाई स्वतःचं दुखणं विसरली. तिला भरून आलं होतं.

आजही मास्तरीणबाई झोपल्याच होत्या. सुनेनं ठकूचे डोळे पुसले, आत डोकावून बाबांना पाणी दिलं, आणि कपाटावरचा डबा पिशवीत टाकला. आज पट्ट्या आणायचा दिवस होता.

"भाऊजी, ठकूकडे लक्ष ठेवाल? मी तासाभरात येते."

गॅलरीत तिचा धाकटा दीर ठकूच्या तीनचाकीचं निसटलेलं चाक बसवत होता. "जा वहिनी निवांत," तो ग्रीसचे हात वर करून म्हणाला, "हिला मी आज मेकॅनिक करून ठेवतो."

निवांत. सून जिना उतरताना मनाशी म्हणाली, निवांत कसली जाते.

नवरा दूरच्या गावी नोकरीला, महिन्यातून एकदा येणारा. घरात बाप्या माणूस म्हणून हा एकच, आणि ह्याच्यावरच जीव टाकायचा की ह्याच्याचमुळे टांगणीला लावायचा, हे तिला ठरवता येत नव्हतं. दीर वाईट नव्हता. मोटरसायकलवरून पडला, पाठीचा मणका दुखावला, डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या. मग एका डॉक्टरची चिठ्ठी चार दुकानांत, मग चिठ्ठीशिवाय, मग घरातल्या वस्तू जायला लागल्या. मास्तरीणबाईंची कारखान्यातली जुनी कात्री, जिला त्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत, तीसुद्धा एक दिवस गेली. शेवटी व्यसनमुक्ती केंद्र. तिथून सुटून आला तेव्हा निम्मा झाला होता, पण डोळे जागेवर होते. आता गॅरेजमध्ये कामाला जात होता. पट्टी बदलायची वेळ झाली की तो उठून जिन्यात जाऊन बसायचा. का, ते कुणी विचारत नव्हतं आणि तोही सांगत नव्हता.

दवाखान्याच्या औषधखिडकीत बसणाऱ्या बाई तशा बोलक्या. चष्मा कायम डोक्यावर आणि शोधायच्या मात्र टेबलावर. "काय म्हणतात तुमचे ड्रायव्हरसाहेब? अजून सरकार पाडतायत का?" त्यांनी विचारलं. सून हसली, डबा पुढे केला. एरवी बाई डबा हलवून बघायच्या आणि मोठ्या पेटीत रिकामा करायच्या. आज त्यांनी हातमोजे चढवले, चिमटा घेतला.

"आता एकेक उघडून बघायची, असा वरून हुकूम आलाय. कुठल्याशा घरातून जुन्या पट्ट्या म्हणून भलतंच काहीतरी परत येत होतं. तुमच्यासारख्यांना उगीच ताप, पण काय करता."

पहिली पट्टी त्यांनी चिमट्यात धरली, दुसऱ्या हातानं कड सोडवायला गेल्या. थांबल्या. चष्मा डोळ्यांवर ओढला.

"ही उघडत नाहीये."

"घट्ट चिकटली असेल," सून म्हणाली.

"अहो ताई, घडी घातली की एका बाजूला दुमड येते. इथे दुमड नाहीच. इथे काप आहे." त्यांनी नखानं दोन थर अलग केले. वरचा थर पट्टीचा होता. खालचा साध्या चिकटपट्टीचा, त्याच मापात, कडेला कड लावून कापलेला. "दुमडलेली अख्खी नाही ही. नुसतीच अर्धी आहे."

त्यांनी दुसरी उचलली. तीही तशीच. तिसरी तशीच. तळाशी होत्या त्या जुन्या तेवढ्या खऱ्याखुऱ्या दुमडलेल्या निघाल्या.

सून खिडकीतून आत वाकली. "पण वापरलेल्या आहेत ना?"

"वापरलेल्या पट्टीतही औषध उरतं. भरपूर उरतं. म्हणून तर परत मागतो." बाईंचा आवाज उतरला होता, पण कडवट नव्हता. "त्याला बाहेर गिऱ्हाईक आहे आणि नशेची ओढ असलेल्यांना घरातही ती पुरते. घरी कोण कोण असतं?"

"सासूबाई. मी. मुलगी लहान आहे." सून अडखळली. "दीर."

"दीर काय करतात?"

"गॅरेजमध्ये असतात."

"आणि आधी?"

सुनेनं डब्याचं झाकण हातात घेतलं आणि उगीच पुसलं. बाईंना उत्तर मिळालं. त्यांनी कपाट उघडलं, एकच पट्टी काढून समोर ठेवली.

"आज एवढीच देता येईल. उद्या डॉक्टर स्वतः घरी येतील. अर्ध्या कुठं गेल्या ते त्यांना सांगा. नाही कळलं, तर घरी देणं बंद होईल, आणि आजोबांना वॉर्डात आणावं लागेल. मला वाईट वाटतंय हो, पण तुमच्या घरात पोर आहे. ते अर्धे तुकडे कुठंतरी आहेत, हे विसरू नका."

विसरते कशाला! परतीच्या रस्त्यावर सुनेला दुसरं काही दिसतच नव्हतं. तुकडे गादीखाली असतील. सोफ्याच्या फटीत असतील. दिराच्या शर्टाच्या खिशात असतील, आणि ठकू त्याच खिशात हात घालून लिमलेटची गोळी शोधते. आणि वॉर्ड! बाबांना वॉर्डातून घरी आणलं तेव्हा त्यांनी सुनेचा हात धरून सांगितलं होतं, "पोरी, मरेन तर खिडकीपाशी. त्या ट्यूबलाइटखाली नको. तिथं दिवस कळत नाही, रात्र कळत नाही. ड्रायव्हरला रस्ता दिसायला हवा." तिनं शब्द दिला होता. आता एका माणसाच्या ओढीपायी तो मोडायचा?

अर्ध्या वाटेत तिनं नवऱ्याला फोन लावायला काढला आणि परत पिशवीत टाकला. काय सांगणार? तुझ्या भावावर संशय आहे म्हणून? तो तिकडून काय करणार?

जिन्याच्या शेवटच्या वळणावर दीर तीनचाकी उलटी करून चाक फिरवून बघत होता.

"ठकू कुठाय?"

"आत. आईजवळ जाऊन झोपली बहुतेक. काय झालं? तोंड का असं?"

"पट्ट्या अर्ध्या निघाल्या. कापलेल्या."

चाक फिरत राहिलं. त्यानं ते हातानं थांबवलं.

"मला विचारताय की सांगताय?"

"विचारतेय."

"नाही वहिनी. विचारणारा माणूस तोंडाकडे बघतो. तुम्ही माझ्या खिशाकडे बघताय."

सुनेचा चेहरा तापला. पण मागे सरायला जागा नव्हती. "हो, बघतेय. माझं पोर तुमच्या खिशात हात घालतं. भाऊजी, मी ओरडणार नाही, कुणाला सांगणार नाही. फक्त ते तुकडे कुठं आहेत ते सांगा. उद्या डॉक्टर येतील आणि बाबांना वॉर्डात नेतील हो!"

त्यानं दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले. एक पाना, रुमाल, ठकूची केसांची क्लिप. मग तो हसला. ते हसू ऐकवत नव्हतं.

"वहिनी, एवढं शिकलात, जरा डोकं चालवा. मी घेतल्या असत्या तर अर्ध्या परत ठेवल्या असत्या? माझ्या काळात मी अर्धी गोळी कुणासाठी सोडली नाही. आईची कात्री नेली तेव्हा तिची पिशवीसुद्धा मागे ठेवली नाही. मी असतो तर पट्ट्या गेल्या असत्या, डबा गेला असता, आणि डबा ठेवायचं कपाटही गेलं असतं! अर्धं मागे ठेवायला फार धीर लागतो. तो माझ्यात असता तर आणखी काय हवं होतं?"

सून त्याच्याकडे बघत राहिली. दार उघडंच होतं. दारातून बेसिन दिसत होतं, बेसिनवर अर्धा साबण, वर फळीवर कागदात गुंडाळलेला दुसरा अर्धा. काप सरळ, सुरीनं नव्हे, जणू फूटपट्टी लावून घेतलेला.

कडेला कड लावून कापलेली चिकटपट्टी. आजीनं दिली. बाहुलीचा गुडघा दुखतो.

बाबांची पट्टी तर पाठीवर असते. गुडघ्यावर कुणाच्या असते?

"आई," ती एवढंच म्हणाली आणि पळत सुटली.

आतल्या छोट्या खोलीत पडदा ओढलेला होता. मास्तरीणबाई पाठीवर झोपल्या होत्या, गाऊन गुडघ्यापर्यंत आलेला, आणि गुडघ्यावर गरम पाण्याची रबरी पिशवी. त्यांच्या कुशीत ठकू, डोळे टक्क उघडे, बाहुली पोटाशी.

"श्श," ठकू म्हणाली. "आजी उठतच नाही. मी किती हाका मारल्या."

मास्तरीणबाईंनी एक श्वास घेतला. मग काहीच नाही. सून वाट बघत राहिली. तिला वाटलं, संपलं. मग कुठूनतरी खोलवरून घोरल्यासारखा दुसरा श्वास आला. ओठांचा रंग शाईसारखा होत चालला होता.

दीर मागोमाग आत आला. त्यानं पडदा सर्रकन ओढला, आईची पापणी वर केली. बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झाला होता. "मी असाच पडलो होतो," तो म्हणाला. "पिशवी काढा आधी! उष्णतेनं औषध भसाभस उतरतं. वहिनी, पिशवी काढा!"

पिशवीखाली, गुडघ्याच्या वाटीच्या बाजूला, अर्धी पट्टी होती. नीट बसवलेली, एक सुरकुती नाही. सुनेनं ती ओढून काढली आणि तिच्या बोटांना चिकटलेला तो तुकडा घेऊन ती भर खोलीत उभी राहिली. कुठं ठेवू? ठकू बघत होती, तिचा हात पुढे येत होता. सुनेनं तो तुकडा चिकट बाजू आत घेऊन दुमडला, मुठीत गच्च आवळला, ठकूला काखोटीला मारलं आणि दुसऱ्या हातानं रुग्णवाहिकेला फोन लावला. पत्ता सांगताना तिला स्वतःच्या मजल्याचा आकडा आठवेना.

दिरानं आईला उठवून बसवलं, पाठीशी स्वतः बसला आणि गालावर चापट्या मारत ओरडायला लागला, "आई! डोळे उघड! मास्तरीणबाई, कारखान्यातून माणूस आलाय! माल अडलाय! श्वास घे, घे श्वास! शर्ट कापायचाय, माप सांग!"

काही नाही.

"आई, कापड वाया चाललंय बघ! कुणीतरी वाकडं कापलं!"

मास्तरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. ओठ हलले. "शिवण..." त्या पुटपुटल्या, "शिवण किती... सोडू?"

"भरपूर सोड," दीर म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. "आई, भरपूर सोड. फक्त बोलत राहा."

पलीकडच्या खोलीत बाबा खाटेच्या दांड्यावर पेला आपटत होते. "काय झालंय? अरे कुणी सांगाल का? काय झालंय तिला?" उठून येता येत नव्हतं त्यांना. सून मधल्या दारात ठकूला घेऊन उभी राहिली, इकडे बघत, तिकडे बघत, आणि दर वेळी पुढचा श्वास येईपर्यंत तिचा स्वतःचा थांबत होता.

रुग्णवाहिकेतल्या माणसांनी इंजेक्शन दिलं. मास्तरीणबाई खडबडून जाग्या झाल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "माझी पिशवी कुणी काढली?"

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यातल्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, हाताला सलाइन, चेहरा पडलेला पण मान ताठ. डॉक्टर, खिडकीतल्या बाई, सून, दीर, सगळे भोवती उभे. घरी बाबा आणि ठकूपाशी शेजारच्या काकू बसल्या होत्या.

"आई, का केलंत असं?" सुनेनं विचारलं.

"काय केलं? चोरी केली का? ह्यांच्या पाठीवरून निघालेली पट्टी. फेकायचीच होती. तूच सांगितलंस ना, अजून औषध असतं त्यात म्हणून? मग चांगलं औषध कचऱ्यात घालायचं? माझे गुडघे काय मेलेत?"

"परत द्यायची होती ती."

"दिली की! अर्धी त्यांची, अर्धी माझी." त्यांनी खिडकीतल्या बाईंकडे बघितलं. "आणि काय हो, एवढं औषध उरतं तर एवढी मोठी करता कशाला? ज्यानं हे माप काढलं त्या कटरला एकदा माझ्यासमोर आणा."

खिडकीतल्या बाईंना हसू आवरेना. डॉक्टरबाईंनी मात्र हसू आणलं नाही. "आजी," त्या म्हणाल्या, "त्यांच्या अंगाला त्या औषधाची सवय आहे, तुमच्या नाही. त्यात वरून गरम पिशवी. अजून थोडा वेळ गेला असता, तर तुमच्या कुशीत ती पोर होती, आणि तुम्ही नसता."

मास्तरीणबाईंनी चादरीची कड हातात घेतली, अंगठ्यानं तिची शिवण चाचपत राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "ह्यांना कुशीवर वळवायला कुणीतरी हवं होतं. गुडघे वाकत नव्हते माझे. हिला सांगितलं असतं तर हिनं शाळा सोडली असती." आणि मग, आणखी हळू, "कुणावर आळ आला का?"

दीर सलाइनच्या थेंबांकडे बघत उभा राहिला. त्यांनी धाकट्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. तोंडावर हात ठेवून त्या भिंतीकडे वळल्या.

बाबा घरीच राहतील, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा सुनेच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण अटी होत्या. पट्टी यापुढे नर्स येऊन बदलणार, जुनी तीच घेऊन जाणार. अडीअडचणीसाठी म्हणून एकच पट्टी घरात, कुलूपबंद पेटीत. मास्तरीणबाईंचे गुडघे रीतसर तपासायचे, त्यांच्यासाठी त्यांचं स्वतःचं औषध.

"पेटीची किल्ली कुणाकडे?" डॉक्टरांनी विचारलं.

"धाकट्याकडे द्या," मास्तरीणबाई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या.

"नको," दीर लगेच म्हणाला. "आई, मला आता प्रसाद वाटल्यासारखा विश्वास वाटू नकोस. मला विश्वास नको, कुलूप हवंय. किल्ली वहिनींच्या गळ्यात बरी आहे."

बाहेरच्या बाकावर सून त्याच्या शेजारी बसली. "भाऊजी, काल मी जे..."

"राहू द्या वहिनी. तुम्ही निदान तोंडावर विचारलंत. न विचारता खिशाकडे तर सगळेच बघतात, मी घरी आल्यापासून." तो उठला. "मला राग आलाय. तो जाईल. पण आज नाही जाणार, एवढं चालवून घ्या."

सुनेनं मान हलवली. तिला वाटलं, माफ केलं म्हणाला असता तर तिचा विश्वास बसला नसता.

मास्तरीणबाई घरी आल्या. गुडघ्यांना पट्टे, हातात काठी, तोंडात पुन्हा जुनं आईगं. ते ऐकलं की सुनेला बरं वाटायचं. पण झोपलेलं माणूस दिसलं की ती आता थांबते. बाबांपाशी थांबते, सासूबाईंपाशी, ठकूपाशी, सुट्टीला आलेल्या नवऱ्यापाशीसुद्धा. छाती वर येईपर्यंत थांबते आणि मगच पुढे जाते. आता कुठं काही उरलेलं नाही, घराचा कोपरा न् कोपरा झाडून झालाय, हे तिला ठाऊक आहे. तरी रोज केर काढताना ती सुपली उजेडात धरून बघते.

पट्टी बदलायच्या दिवशी नर्स आली. तिनं बाबांना कुशीवर वळवलं, दिरानं पलीकडून आधार दिला. जिन्यात न जाता थांबण्याची ही त्याची पहिलीच वेळ. पण पट्टी निघताना तोंड खिडकीकडे. बाबा म्हणाले, "सावकाश, ब्रेक लावत लावत." नर्सनं जुनी पट्टी सोलून काढली आणि मधोमध दुमडली.

"कडेला कड लागली नाही," खुर्चीतून मास्तरीणबाई म्हणाल्या. राहवलं नाही त्यांना. "उजवी बाजू सुटलीय. नीट बसवा."

नर्सनं हसून पुन्हा दाबली. पट्टी तिच्या हातातल्या डब्याकडे निघाली, तेवढ्यात सुनेच्या कडेवरून ठकूचा तळवा पुढे आला, नेहमीसारखाच, हक्कानं.

"आजी, अर्धं मला."

नर्सचा हात जागच्या जागी थांबला. सुनेनं ठकूला एवढं घट्ट धरलं की ती कळवळली. मास्तरीणबाई काठी टेकत उठल्या, गुडघ्यांनी कुरकुर केली, त्यांनी ती दाबली नाही. नातीजवळ येऊन त्यांनी तिचा उघडा तळवा आपल्या दोन्ही हातांत धरून मिटवला.

"नाही गं बाई," त्या म्हणाल्या. "हे अख्खं देऊन टाकायचं असतं."

डब्याचं झाकण लागल्याचा आवाज येईपर्यंत त्यांनी ती मूठ सोडली नाही. सुनेनंही आपली मिठी सैल केली नाही.